कांताबाईंचं प्रोपोजल

"टायपिंगवाली बाई वारली" असं लिहू नका.

सकाळपासून गावच्या ग्रुपवर तेच वाचून राहिले. डोकं तापलं म्हणून हे लिहिते आहे.

शहापूरच्या कांताबाई काल गेल्या. भंडाऱ्याला त्यांचा टायपिंगचा क्लास होता, हे खरं. पण आमच्या गावाला तोंड उघडायला त्यांनी शिकवलं. तेही इंग्लिशमध्ये.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते. आमचं गाव मोहाडीच्या बाजूला, कोसा म्हणजे टसर रेशीम विणणाऱ्यांचं. पुरुष हातमागावर बसायचे. आम्ही बाया मांडीवर कोशाचं सूत काढायचो. माझ्या मायच्या मांडीची सालटं निघालेली असायची.

मुंबईचा एक व्यापारी जीपनं आला. करवती काठाच्या आमच्या साड्या त्याला हव्या होत्या. सगळ्या.

विणकर सोसायटीचे अध्यक्ष माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. बैठक आमच्याच ओसरीवर. करार टाइप करायला कांताबाईंना बोलावलेलं. मशीन मांडीवर घेऊन एसटीनं आल्या होत्या.

चहा सगळ्यांना कपबशीत आला.
कांताबाईंना वेगळ्या ग्लासात.

त्यांच्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तो ग्लास आमच्याच घरानं वेगळा ठेवला होता. लपवत नाही.

व्यापारी फाडफाड इंग्लिश बोलत होता. "जेंटलमेन, धिस इज अ स्टँडर्ड ॲग्रीमेंट."

मोठेबाबा म्हणाले, "यस सर."

तो काहीही बोलला की ओसरीवरचे सगळे म्हणायचे, "यस सर."

त्यानं हातानं लिहिलेला कागद पाहून कांताबाई टाइप करत होत्या. मध्येच मशीनचा आवाज थांबला.

"भाऊ, याच्यात का लिवलं हाय, समजलं का तुमाले?"

"साहेब म्हणते तं बरोबरच असन ना बाई," मोठेबाबा म्हणाले.

"तीन वर्षं दुसऱ्या कोणाले एक साडी देता येनार नाही. अन् याले माल पसंत नाही पडला, तं तो तुमच्याच पेटीत पडून राहीन. विकाची परवानगी नाही."



"तुमी टाइप करा, बाई," मोठेबाबा खाली पाहून म्हणाले.

तेवढ्यात आतून माझी माय ओरडली, "थांबा! पुसा ना त्याले, बाई! कायले भेता?"

बैठकीत घरच्या बाईमाणसाचा आवाज पहिल्यांदा ऐकला गावानं.

कांताबाई उभ्या राहिल्या. पदर खोचला.

"सर, वुई वुड लाइक टू प्रपोज अ चेंज."

तो हसला. "मॅडम, यू आर हिअर टू टाइप."

"यस सर. आय ॲम टायपिंग अवर प्रोपोजल."

"प्रपोजल," त्यानं त्यांचा उच्चार सुधारला. बरोबर आलेला त्याचा माणूसही हसला.

कांताबाई पुन्हा तस्संच म्हणाल्या, "प्रोपोजल. इफ यू टेक एव्हरी साडी, वुई विल सेल टू नोबडी एल्स. इफ यू रिजेक्ट, वुई आर फ्री टू सेल. अँड नॉट थ्री इयर्स. वन इयर."

तो उठला, जीपमध्ये बसला आणि गेला.

मग काय विचारता! जे तोंडातून शब्द काढत नव्हते, ते सगळे बोलायला लागले. बाईनं घात केला. कोण कुठली बाई, आमच्या धंद्यात बोलनारी? जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. त्यांची नातवंडं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

कांताबाईंनी मशीन उचललं आणि एसटी स्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना सोडायलाही कुणी गेलं नाही. मीसुद्धा नाही.

दोन महिने साड्या पेटीत. माग बंद. मायशी घरात कुणी धड बोलत नव्हतं.

मग मुंबईहून त्या व्यापाऱ्याचं एक पाकीट आलं. इंग्लिशमध्ये. गावात वाचणारं कोणी नाही.

मोठेबाबा ते खिशात घालून एकटेच शहापूरला गेले. त्या वस्तीत ते आयुष्यात कधी गेले नव्हते. कांताबाईंच्या अंगणात बसले. चहा प्यायले.

कांताबाईंनी पत्र वाचून सांगितलं, "'वुई आर प्रिपेअर्ड टू कन्सिडर', असं म्हणते. म्हंजे हो नाही. पण नाही बी नाही. घाई करू नका, भाऊ."

त्यांनी उत्तर टाइप करून दिलं. शेवटी व्यापाऱ्यानं एक वर्षाचा करार मान्य केला. नापसंत माल आम्ही कुठेही विकायचा, हेही मान्य केलं. साडीवर लेबल मात्र त्याचंच राहिलं. तिथे आम्ही हरलो.

त्यानंतर रविवारी कांताबाई आमच्या ओसरीवर यायच्या. माय त्यांना कपबशीतच चहा द्यायची, सगळ्यांच्या देखत. आम्ही आठ पोरी. वुई सजेस्ट. वुई कॅनॉट ॲक्सेप्ट धिस. प्रोव्हायडेड दॅट. आणि सगळ्यात आधी इफ.

"काही देतो म्हनाच्या आधी 'इफ' म्हना. फुकट काही देऊ नका, पोरींनो."

शेजारचे म्हणाले, पोरी बिघडतीन.

बिघडलो. मी तर मागावरही बसायला लागले. माझं लग्न ठरवायला पाहुणे आले तेव्हा मी होणाऱ्या सासऱ्यांना तोंडावर सांगितलं, "माग चालू ठेवू द्यान, तं हो." लग्न झालं. माग अजून चालू आहे.

आज शहापूरला गेलो होतो. आठांपैकी पाचजणी. कांताबाईंच्या सुनेनं आम्हाला पुढे बसवलं. खूप रडलो. कोणाला काही वाटो.

अगदी शेवटी लिहिते आहे ते दोन शब्द आमच्या घरात आजवर कुणी उच्चारले नाहीत. कुणाला खटकत असेल तर खुशाल अनफ्रेंड करा.

जा बाई, सुखानं जा.

जय भीम.