जवसाचा मासा

१९५८च्या हिवाळ्यात, अमरावतीच्या एका दवाखान्यात, मी पाच महिने पीत असलेलं माशाचं तेल जवसाचं निघालं. मी तेव्हा आठ वर्षांची होते.

त्या पावसाळ्यात माझे दोन्ही गुडघे सुजले आणि शाळा सुटली. अकोल्याहून मला अमरावतीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांध्यांची सूज सांगून गोळ्या दिल्या; शिवाय हाडं पोसायला रोज दोन चमचे माशाचं तेल आणि सकाळचं ऊन. गुडघे आखडले तर पोर पुन्हा सरळ चालणार नाही, असंही ते म्हणाले.

गोळ्यांना काकांची हरकत नव्हती. त्या कशाच्या बनतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाटलीवर मात्र माशाचं चित्र होतं. काका पौरोहित्य करत. घरातलं भक्ष्याभक्ष्य तेच ठरवत. माझे वडील वकील होते. काकांपुढे त्यांची वकिली चाललेली मी पाहिली नाही.

तरी दर महिन्याला बाटली विकत आणली जाई. डॉक्टरांना दाखवायला ती लागे. काका ती मोरीत ओतत, गोमूत्राने विसळत, जवसाचं तेल भरत आणि सकाळची संध्या आटोपली की स्वतः पळीने मला पाजत. उन्हाचा निकाल काकूंनी लावला: "आधीच लंगडी, त्यात काळी पडली तर कोण करील?" माझी खाट माजघरात गेली. अकोल्यात उन्हाची टंचाई करून दाखवणं सोपं नाही. आमच्या घराला ते जमलं.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. हाडं आणखी विरळ झाली होती. औषध लागू पडत नाही, आता जहाल गोळ्या द्याव्या लागतील, त्यांनी वाढ खुंटू शकते, असं त्यांनी सांगितलं. वडिलांनी काकांकडे पाहिलं.

"दैव," काका म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तेल पेते ना वं बाई?"

"हो."

"कसं लागते?"

"जवसाच्या चटणीवानी."

त्यांनी काकांच्या हातातली बाटली घेऊन हुंगली. "काहो महाराज, हा मासा कोन्या वावरात पिकला?"

"आमच्या घरात अभक्ष्य चालत नाही."

"अन् लंगडी पोरगी चालते?"

काका उठून बाहेर गेले. वडिलांनी विचारलं, हिला इथेच ठेवता येईल का.

जहाल गोळ्या लांबणीवर पडल्या. रोज सकाळी कंपाउंडर माझी खाट व्हरांड्यात उन्हात ओढी आणि तेल पाजी. त्या तेलाला माशाचा घाण वास येई. होळीला मी घरी परतले तेव्हा काकांनी शुद्धीसाठी पंचगव्य पाजलं. ते कसं लागलं, हे कुणी विचारलं नाही.

शाळा उघडली त्या दिवशी मी चालत गेले. उजवा गुडघा पूर्ण वाकतो. डावा वाकत नाही.