अप्पांचा दुबईचा डबा

खत-बियाण्यांच्या दुकानदारांकडे किस्से गोडाऊनमधल्या रिकाम्या पोत्यांसारखे साठतात. एक ओढलं की दहा अंगावर येतात! आमच्या अहमदपूरच्या शिवलिंगअप्पांनी तर एका दुबई ट्रिपमध्ये गोडाऊन भरून टाकलं.

टार्गेट पूर्ण झालं की कंपनी आम्हा डीलर लोकांना फॉरेनला नेते. यंदा दुबई होती. अप्पांचं मन मात्र लागत नव्हतं. मुलगा विनोद सव्वीस वर्षांचा. अप्पांनी पुण्याची नोकरी सोडायला लावून त्याला दुकानात बसवलं, तेव्हापासून तो बापाशी बोलत नव्हता. दोघं एकाच काउंटरवर, पण बोलणं सगळं गिऱ्हाईकामार्फत!

"यांना सांगा, डीएपी खत संपलंय."

"त्यांना सांगा, मला दिसून राहिलंय!"

संक्रांतीचा तीळगूळसुद्धा एका गिऱ्हाईकाच्या हातून इकडून तिकडे गेला.

शेवटी विनोदच्या आईने, आमच्या काकूंनी, निघताना अप्पांच्या खिशात चिठ्ठी कोंबली. विनोदला कधीपासून हव्या असलेल्या व्हिडिओ गेमच्या डब्याचं नाव त्यात होतं. "हे आणा. बघू बोलतो का."

*

दुबईच्या मॉलमध्ये सेल्समन निघाला हैदराबादचा. अप्पा खूश! डबा हातात घेऊन त्यांनी सहाही बाजूंनी फिरवला. बॅच नंबर सापडला, पण पुढचं काही सापडेना.

"इसकी एक्स्पायरी किधर है?"

"चाचा, ये एक्स्पायर नई होता."

अप्पांनी त्याच्याकडे फार काळजीने पाहिलं. "फिर तुम लोगां का धंदा कैसा चलता?"

*

मग अप्पा म्हणाले, डेमो दाखव. आमच्या धंद्यात डेमो प्लॉटवरचं उभं पीक बघितल्याशिवाय शेतकरी बियाण्याच्या पिशवीला हात लावत नाही, तर अप्पा कसे लावतील!

सेल्समनने कारची रेस लावली. अप्पांनी गाडी तीनदा भिंतीवर घातली. त्या भल्या माणसाने मग शेतीचा गेम लावला. ट्रॅक्टर, पेरणी, मळणी, सगळं! अप्पा जे बसले ते उठेनात. बाहेर आम्हाला वाळवंटात फिरवायला आलेल्या गाड्या हॉर्न वाजवून राहिल्या होत्या. मी हाताला धरून ओढलं, तर म्हणाले, "गुरुनाथ, तू हो पुढं. अर्धं रान राहिलंय अजून!"

*

परतताना विमानात डबा, त्या शेतीच्या गेमसकट, अप्पांच्या मांडीवर. वर ठेवते म्हणणाऱ्या एअर होस्टेसला त्यांनी हातानेच थांबवलं.

आपल्या विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी अडवलं. "ये किसके लिए?"

"बेटे के लिए."

"कितना बड़ा है?"

"छब्बीस का." अप्पांचा आवाज बारीक झाला. "बात नहीं करता, साहब."

साहेबांचा चेहराच बदलला. "बचपन से?"

"नहीं. नौकरी छुड़वाई तब से."

साहेबांनी डबा उलटसुलट करून बघितला. मग डबा परत देत म्हणाले, "जाइए, चाचा." मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. खरं सांगतो.

*

दुकानात दोन दिवस डबा तसाच काउंटरवर पडून. विनोद हात लावेना. तिसऱ्या दिवशी अप्पांनी स्वतःच उघडला आणि कंपनीच्या जाहिराती चालतात त्या टीव्हीला तारा खुपसल्या. मी तिथंच होतो. बियाणं न्यायला आलेले मारुतीमामाही होते. टीव्हीवरचा ट्रॅक्टर काही हलेना.

विनोद वहीत बघत म्हणाला, "मामा, यांना सांगा, उजवीकडचं बटण."

मामांनी सांगितलं.

"कोणतं, वरचं का खालचं, विचारा."

मामांनी विचारलं. मामांची मान नुसती इकडून तिकडे! ट्रॅक्टर निघाला, सुसाट निघाला, आणि सरळ शेजारच्या उभ्या पिकात घुसायला लागला.

"अप्पा! बांध गेला! ब्रेक दाबा की!" विनोद काउंटरवरून उडी मारून आला.

मामांची मान मध्येच थांबली. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. रिमोट तेवढा पुढे केला. "लई येतंय तर तूच हाण."

विनोद बापाच्या शेजारी पोत्यावर बसला. मामांनी बराच वेळ वाट पाहिली. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

"अप्पा, माझं सोयाबीनचं बियाणं द्या की. पेरणीचा खोळंबा होऊन राहिलाय."

मान न वळवता बापलेक एकाच आवाजात ओरडले, "थांबा हो मामा, आमची पेरणी व्हायचीय अजून!"