मच्छरदाणीतली सावर

आमच्या घरात भांडणं वर्षभर व्हायची, पण मिटायची एकदाच, एप्रिल सरता सरता आणि तीही मच्छरदाणीत. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो माझ्याकडे जरा संशयाने बघतो. म्हणून आधी झाडाबद्दल सांगते.

गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं बैठं घर होतं. बाबा स्वारगेटच्या बस डेपोत मेकॅनिक होते. घरामागे परसात एक काटेसावर होती, आमच्या जन्माच्या आधीपासूनची. थंडी सरली की तिची पानं झडून जायची आणि उघड्याबोडक्या फांद्यांवर हाताच्या पंजाएवढी लाल फुलं यायची. ती गळायची तेव्हा पाकळी पाकळी करून गळत नसत. अख्खं फूल धप्पकन पत्र्यावर पडायचं. मैना आणि कावळे दिवसभर तिथे कलकलाट करायचे. माझी शाळेची परीक्षा त्याच सुमाराला असायची आणि मार्क कमी पडले की मी कावळ्यांवर ढकलायचे.

सावरीचं काहीही वाया जात नसे. कळ्यांची भाजी व्हायची. पोट बिघडलं की खोडाचा डिंक. मला तारुण्यपीटिका आल्या तेव्हा आईने खोडावरचे काटे काढले, दुधात उगाळले आणि माझ्या तोंडाला फासले. मी तशीच दारात उभी असताना धाकटा भाऊ गल्लीतल्या सगळ्या पोरांना दाखवायला घेऊन आला. त्यावरून आमचं जे भांडण झालं ते उन्हाळ्यापर्यंत टिकलं.

पुढे कधीतरी वाचनात आलं की जास्वंद, भेंडी, अंबाडी, कापूस आणि आमची काटेसावर ही सगळी एकाच कुळातली. मला हसूच आलं. एक देवाला चालते, एक डब्यात जाते, एक अंगभर काटे घेऊन उभी असते. बघून कुणी म्हणणार नाही की ही एका घरातली आहेत. आमच्याकडे तरी वेगळं काय होतं?

एप्रिलच्या शेवटी बोंडं पिकायची. ती फुटायच्या आत बाबा आकडीने पाडायचे आणि आई दोन दिवस उन्हात, टोपलीखाली झाकून ठेवायची. बोंड तडकलं की आतून रेशमासारखा कापूस बाहेर येतो. हा कापूस पिंजाऱ्याकडे देऊन उपयोग नसतो. धनुकलीचा पहिला ठोका पडला की तो घरभर उडतो. हातानेच मोकळा करायचा आणि एकेक काळी बी झाडून काढायची. नुसता श्वास जोरात सोडला तरी चिमूटभर कापूस छताला जाऊन चिकटतो. म्हणून आईने तिच्या माहेरची रीत आणली होती. आई विदर्भातली. पुण्यात येऊन तिने भाषा बदलली, चहात साखर कमी केली, पण ‘का’ला ‘काऊन’ म्हणणं, ‘येतंय’ला ‘येऊन राहिलं’ म्हणणं आणि सावरीच्या उशीची ही रीत काही सोडली नाही.

मधल्या खोलीत चार खिळ्यांना मच्छरदाणी बांधायची. खिडक्या बंद, पंखा बंद. कडा सतरंजीखाली खोचायच्या आणि वरून लाकडी पाट ठेवायचे. आत आई, मी आणि भाऊ. घामाच्या धारा लागायच्या. आतले नियम ठरलेले होते. हसायचं नाही, कापूस उडतो. रडायचं नाही, कापूस भिजतो आणि त्याच्या गुठळ्या होतात. आणि काम संपेपर्यंत रागावून उठायचं नाही, कारण एकाने कड उचलली तर सगळ्यांची मेहनत वाया जाते.

आता ज्याला हसता येत नाही, रडता येत नाही आणि उठून जाता येत नाही, तो माणूस शेवटी बोलतो. आईला हे कळलेलं होतं. वर्षभराची भांडणं ती मच्छरदाणीसाठी राखून ठेवायची. बी झाडता झाडता सहज विचारायची, “हं, मग त्या काट्यांच्या लेपाचं काय झालं होतं?” आम्ही दबक्या आवाजात एकमेकांची उणीदुणी काढायचो. दबक्या आवाजात फार वेळ भांडता येत नाही. बाबा बाहेरून चहाचा कप घेऊन डोकावायचे. “काय, आज कोर्टात कोणाचा खटला?”

एका वर्षी खुद्द बाबांचा होता. आई आणि ते कशावरून तरी महिनाभर बोलत नव्हते. आम्हाला मध्ये घालून निरोप चालायचे, ‘तुझ्या आईला सांग भाजीत मीठ नाही’ वगैरे. त्या वर्षी बाबांनी न बोलावता पाट बाजूला केला आणि ते आत आले. एवढा थोरला माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला. तासभर निमूट बिया झाडल्या आणि मग आईकडे न बघता म्हणाले, “अहो, पाणी देता का?” मिश्यांना कापूस लागला होता. आम्ही दोघं भावंडं हसू दाबता दाबता लालबुंद झालो. बाबांची उशी सगळ्यांत मोठी असायची आणि ती त्याच वर्षी शिवली. नारायण पेठेतून घट्ट विणीचं गादीपाट कापड आणलं होतं, त्याला आईने आतून साबण घासला होता, कापूस बाहेर येऊ नये म्हणून. दर उन्हाळ्यात ती उशी उसवून, ऊन दाखवून, थोडा नवा कापूस घालून पुन्हा शिवली जायची. ती उशी मला आमच्या घराचं घरपण वाटायची.

बाबा गेले त्यानंतर काही महिन्यांनी ते घर सोडायचं ठरलं. आई भावाकडे सिंहगड रस्त्याला राहायला गेली. आवराआवर भावानेच केली. मी पोचले तेव्हा माळा रिकामा होता.

“उशा कुठायत?”

“टाकल्या.”

“कुठे टाकल्या?”

“कचऱ्याच्या गाडीत. जुन्या झाल्या होत्या, ताई. आईला फोमची नवीन उशी आणली आहे.”

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबांची उशी कचऱ्याच्या गाडीत टाकणारा माणूस माझा भाऊ असूच शकत नाही, हे त्यातलं सगळ्यांत सौम्य वाक्य होतं. तो खाली मान घालून दोर गुंडाळत राहिला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. परसातली सावर नंतर घर पाडलं तेव्हा गेली आणि मच्छरदाणीचं कोर्टही गेलं.

आई उन्हाळ्यात महिनाभर माझ्याकडे येते. भाऊ तिला गेटपाशी सोडायचा, वर यायचा नाही. मी गॅलरीतून बघायचे, हाक मारायचे नाही. त्याने आईसोबत आंबे पाठवले तर मी डबा धुऊन त्यात लाडू भरून परत पाठवायचे, पण निरोप पाठवायचे नाही. अशी चार वर्षं गेली. आई दरवर्षी आणखी थोडी वाकलेली दिसायची. गेल्या वर्षी जाताना मला म्हणाली, “माझ्यानंतर डबे कोण नेईल गं?” मी विषय बदलला. पण ते वाक्य वर्षभर माझ्या मनातून हललं नाही.

या वर्षी आल्या आल्या तिने फर्मान काढलं. “मला सावरीची उशी करायची आहे. त्या फोमने मान धरते.”

मला कोण आनंद झाला! शेवटी फोम हरला. मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला एक दुसरी सावर अजून उभी आहे. मी भल्या सकाळी आकडी घेऊन तिथे गेले. साठीच्या बाईला भर रस्त्यात झाड झोडपताना बघून एक हमाल थांबला. “मावशी, ह्याची भाजी हाय का?” म्हटलं, “नाही, झोप आहे.” तो डोकं खाजवत निघून गेला.

खिळे ठोकायला आता फ्लॅटच्या भिंती मन मोठं करत नाहीत. मी ऑनलाइन एक घडीची मच्छरदाणी मागवली. पिशवीतून काढली की छत्रीसारखी उघडते आणि बाजूला चेन असते. रविवारी दुपारी पंखा बंद केला, आई आत जाऊन बसली आणि बेल वाजली. दारात भाऊ. हातात बोंडांची पिशवी.

“आई म्हणाली तू भिशीला जाणार आहेस,” तो दाराबाहेरूनच म्हणाला. “आणि बोंडं कमी पडतायत.”

मी आईकडे बघितलं. ती जाळीच्या आत टोपलीत डोकं घालून बसली होती. “दार लावा आधी,” ती म्हणाली. “वारा येऊन राहिला. या आत दोघंही. मला एकटीला होणार आहे का हे?”

आम्ही आत गेलो. आईने स्वतः चेन ओढली. मी उजवीकडे, तो डावीकडे, मध्ये टोपली. तिघांच्या बिया ताटात पडायला लागल्या. त्याचे केस आता माझ्यापेक्षा पांढरे झाले आहेत, हे मला तेव्हा दिसलं. बिया मात्र अजून तशाच वेंधळेपणाने काढत होता, निम्म्या आतच ठेवून.

मग आई सहज आवाजात म्हणाली, “ह्यांची उशी मीच टाकायला लावली होती.”

माझ्या हातातली बी टोपलीतच पडली.

“त्या उशीला त्यांच्या तेलाचा वास होता. डोक्याचा खळगा होता. पहाटे जाग आली की बाजूला खळगा दिसायचा आणि वाटायचं, पाणी भरायला उठले असतील. मी पडून नळाचा आवाज ऐकायची वाट बघायची. मग आठवायचं. रोज पहाटे नव्याने आठवायचं.” तिने एक बी ताटात टाकली. “तुला सांगितलं असतं तर तू ती उशी इथे आणून जपली असतीस. मी इथे आले की पुन्हा समोर. म्हणून ह्याला शपथ घातली होती.”

मी भावाकडे वळले. “तू बोलला का नाहीस?”

“शपथ होती. आणि ‘का’ हे तू विचारलंस कुठे, ताई? तू थेट निकालच दिलास.”

मला तिथून उठून कुठेतरी जायचं होतं. बाथरूममध्ये, गॅलरीत, कुठेही. माझा हात चेनकडे गेला.

“काम संपेतो उठायचं नाही,” आई म्हणाली.

मी बसले आणि नियम मोडून रडले. बाबांसाठी रडले, त्या पहाटांसाठी रडले, आणि गॅलरीतून न मारलेल्या हाकांसाठी सगळ्यांत जास्त रडले. आई म्हणाली, “काऊन रडून राहिलीस?” आणि भाऊ माझ्या मांडीवरचा कापूस भराभर आपल्याकडे ओढत म्हणाला, “ताई, गुठळ्या होतील.” त्याच्या भुवयांना कापूस लागला होता, थेट बाबांच्या मिश्यांना लागला होता तसा. मला रडता रडता हसू फुटलं आणि टोपलीतला अर्धा कापूस वर उडाला.

तो गोळा करेपर्यंत संध्याकाळ झाली. आतच बसून खोळीत भरून तोंड शिवलं, तर एवढ्या खटाटोपातून उशी निघाली एकच. मी ती आईच्या हातात दिली. तिने दाबून बघितली, टाके बघितले आणि परत दिली.

“मला नको. मला फोमच बरा पडतो.”

“आई! मान धरते म्हणालीस ना?”

“म्हणाले होते,” ती म्हणाली आणि चेन उघडून बाहेर पडायच्या तयारीला लागली.

मी उशी भावापुढे केली. “तू ने.”

“तू ठेव. बोंडं तू पाडलीस.”

“चार वर्षं माझा अबोला तू सोसलास. तूच न्यायची.”

“ताई, उगाच हट्ट करू नकोस.”

“हट्ट कोण करतंय? लहानपणापासून तुझंच...”

आईचा एक पाय मच्छरदाणीच्या बाहेर होता. तो तिने आत घेतला, पुन्हा मांडी घातली आणि चेन लावली.