परशूचा खांदा आणि शेटची लॉरी

रामनगरच्या बाजारात दिग्गीचा परशू पाठमोरा ओळखायला चष्मा लागत नसे. उजवा खांदा खाली गेलेला, डावा कानाला टेकलेला, मान उजवीकडे कललेली. चाल तर अशी की देवळाला म्हणून निघालेला हा माणूस हमखास समोरच्या न्हाव्याच्या ओट्यावर पोचायचा. न्हावी रोज विचारी, "परशूभाऊ, आज दाढी का देव?" आणि आम्ही सगळे रोज हसत असू. आमच्या गावाला विनोद नवा लागत नाही, माणूस तेवढा तोच लागतो.

हे शरीर काही जन्माचं नव्हतं. ते यशवंतशेटच्या लॉरीनं घडवलं होतं.

१९३१ साली शेटनी बेळगावहून एक जुनी लॉरी आणली. हिरडा आणि बांबू लोंढ्याच्या स्टेशनात पोचवायचे होते. पहिल्याच दिवशी ते स्वतः चालवायला बसले आणि गुंदच्या वाटेवर मत्तीच्या एका झाडाच्या बुंध्यावर गाडी घातली. बुंधा जागचा हलला नाही, हा त्याचा उद्धटपणा शेटना शेवटपर्यंत खुपला. डावीकडून पुढचा आस अंगठाभर मागं सरकला आणि दोन चाकं जोडणारी आडवी सळई विळ्यासारखी वाकली. तेव्हापासून लॉरी सोडली की डावीकडं पळे. बेळगावचे दोन ड्रायव्हर येऊन गेले. पहिला अर्ध्या मैलात भातशेतात उतरला. दुसरा टोपी सीटवर विसरून लोंढ्यापर्यंत चालत गेला आणि टोपी मागायलासुद्धा परतला नाही.

मग बांबू भरणारा परशू वर चढला. त्यानं स्टेअरिंग नुसतं हातानं धरलं नाही. अख्खं अंग उजवीकडं टाकून तो त्याला लोंबकळला. लॉरी सरळ गेली. अशी ती सहा वर्षं गेली. दिग्गीत बातमी पसरली की आपला परशू पाटलापेक्षा उंच बसतो. तो गावाकडं गेला की म्हातारी माणसं उठून उभी राहत. आई तर त्याच्या अंगातला ड्रायव्हरचा खाकी कोट उतरवून तेवढ्यापुरता देवाशेजारी टांगी. परशूजवळ अभिमान धरण्यासारखी एवढी एकच गोष्ट होती, ती सीट. आणि ती लॉरीच्या वाकडेपणावर टिकून आहे, हे त्यालाही ठाऊक होतं.

सातव्या वर्षी शेटच्या ताराचं लग्न झालं आणि खानापूरहून जावई आला. वासू. मोटार शिकलेला, केसांना तेल, हातात हातमोजे. पहिल्या फेरीलाच वासूनं लॉरी डावीकडच्या खताच्या खड्ड्यात घातली. हातमोजे वाचले, बाकीचा जावई धुवून घ्यावा लागला.

शेटनी परशूला बोलावलं. "परश्या, गाडी सरळ कर."

"इतकी वर्सं मी म्हणालो तवा तुमी म्हणला, चाललंय की."

"तवा तू चालवत हुतास. आता जावईबापू चालवणार हायत."

एवढं सरळ बोलणं शेटनी आयुष्यात दुसऱ्यांदा केलं नाही.

परशूनं कामाला गाडी खळ्यावर घेतली. साऱ्या मुलखात सपाट जमीन म्हणाल तर तेवढीच. आस साखळीनं फणसाला बांधून पुढं ओढला, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्हीकडं सुतळी धरून अंतर जुळवलं. सळई भट्टीत तापवून सरळ केली. दोन पुढच्या चाकांमधलं अंतर तो बांबूच्या काठीनं मोजी, एकदा चाकांच्या पुढून, एकदा मागून. पुढून ते दोन आडव्या भातदाण्यांएवढं कमी हवं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सहा वर्षं लोंबकळून समजलं होतं.

पण खरी परीक्षा त्यानं स्वतः शोधलेली होती. बायको फुला खळं शेणानं पातळ सारवी आणि परशू ओल्या सारवणावरून लॉरी हळूच ढकलायला लावी. चाक फरफटत असेल तर ठशाची कड पुसट होई. सरळ फिरत असेल तर टायरची नक्षी रांगोळीसारखी उमटे. कड पुसटली की पुन्हा सळई, पुन्हा काठी, पुन्हा शेण.

सहाव्या खेपेला ठसा जवळजवळ स्वच्छ आला. फक्त डावीकडं बोटभर कड धूसर होती. फुलानं हात कमरेला पुसले आणि खाली वाकून नवऱ्याच्या कानाशी आली.

"बास आता. एवढं वाकडं आपलं असूं दे."

"दिसालंय की गं."

"कुणाला? त्या तेलकट जावयाला? पुन्हा खड्ड्यात पडंल, पुन्हा तुला बोलवतील. डोस्कं हाय का न्हाई तुला?"

परशू उकिडवा बसून ठशाकडं बघत राहिला. मग बोटानं ती धूसर कड चाचपली आणि म्हणाला, "फुले, आणिक एकदा सारव."

फुलानं त्याला दिग्गीच्या भाषेत जे म्हणायचं ते म्हटलं, आणि सारवलं. आपल्याच चुलीवर पाणी ओतल्यासारखं, पण एकसारखं, कुठं गाठ न ठेवता.

सातव्या खेपेला नक्षी उमटली.

दुसऱ्या दिवशी अख्खा बाजार जमला. जावयाचा जीव महाग, म्हणून शेट म्हणाले, "आधी परश्या बसूं दे." परशू कोट घालून चढला. लॉरी निघाली आणि त्याचं अंग सवयीनं उजवीकडं लोंबकळलं. आता तिथं तोलून धरायला काहीच नव्हतं. लॉरी उजवीकडं वळली ती थेट न्हाव्याच्या ओट्यावर, आरसा घेऊन थांबली.

"दाढीच व्हय!" न्हावी ओरडला. आम्ही पोट धरून हसलो. परशूसुद्धा हसला, कारण सगळे हसत होते.

मग वासू बसला. एका हातानं स्टेअरिंग, दुसऱ्या हातानं भोंगा. लॉरी सुतळीत धरल्यासारखी नाक्यापर्यंत गेली. शेटचे डोळे भरून आले.

"शेट, आठ दिसांत माजंबी अंग वळंल," परशू म्हणाला.

शेटनी त्याच्याकडं मायेनं पाहिलं. "कशाला वळवतोस? डावा खांदा कसा वर आलाय बघ. बांबू निसटायचा न्हाई."

तेव्हापासून परशू त्याच लॉरीत बांबू भरतो. आईला अजून सांगितलेलं नाही. गावाकडं जाताना तो कोट घालतो.

गेल्या महिन्यात वासूनं गाडी दगडावर चढवली. चार दिवसांत पुढचा डावा टायर एका कडेनं झिजू लागला. वासूला कळलं नाही, शेटना कळलं नाही. लॉरी आपणहून डावीकडं ओढू लागली होती. अजून महिनाभर कुणी काही बोललं नसतं तर जावई पुन्हा खड्ड्यात गेला असता.

परशूनं बांबू खाली ठेवला, टायरवरून बोट फिरवलं आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "फुले, शेण आण गं."