तलावाकाठचं अर्धवट घर

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हा माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. सचिवालयातली माणसं बायकामुलं, ट्रंका, सायकली घेऊन निघून गेली आणि नागपुरात गल्लोगल्ली 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्या लागल्या. सदर भागातल्या ज्या खोल्यांसाठी आदल्या वर्षी शिफारशी लागत, त्यांच्या किल्ल्या खिशात घालून घरमालक गिऱ्हाईक शोधत फिरू लागले. उमरेडच्या वाटेवर एका तलावाकाठी अधिकाऱ्यांसाठी बंगल्यांची वसाहत आखली होती. तिथली दोन-चार घरं पुरी झाली होती. बाकीच्यांच्या नुसत्या भिंती होत्या आणि त्यांच्या सावलीत शेळ्या बसत.

आम्ही विणकर. शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत दोन माग, आणि मागांतून उरलेल्या जागेत आम्ही. सासरे वारले होते, नवरा गिरणीत जाई. सासूबाईंना मी आमच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणत असे. एका मागावर त्या बसत, दुसऱ्यावर मी. बायका माग चालवतात म्हणून लोक बोलत. आत्याबाई म्हणायच्या, "बोलू दे. लुगडं नेसताना कोणी विचारते काय, कोणं विणलं म्हणून?"

आमची लुगडी नेहमी नेणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या बायकोने आत्याबाईंना सांगितलं, "आमचं तलावाकाठचं घर अर्धवटच राहिलं हो. यांची बदली झाली. मिळेल त्या भावाला देऊन टाकायचं म्हणतात, पण कोणी फिरकत नाही."

दुसऱ्या दिवशी आत्याबाई मला घेऊन चालत निघाल्या. घराला छप्पर नव्हतं, दारं नव्हती. दिवाणखान्यात फरशीऐवजी मुरूम पसरलेला होता. आत्याबाई उकिडव्या बसल्या, बोटांनी मुरूम उकरून पाहिला. मग तलावाकडच्या रुंद खिडक्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मागाखाली पाय सोडायचे खड्डे खणता येतात वं इथं. अन उजेड पाह्य!"

संध्याकाळी नवरा कपाळाला हात लावून बसला. "माय, सारे विकून राहिले अन तू घेऊन राहिली? शहर मेलं म्हणतेत लोक."

"राजधानी गेली भोपाळले. तलाव कोणी गाडीत घालून नेला काय?"

तो माझ्याकडे वळला. "तू काहून गप्प आहे?"

मला पाचवा महिना होता. "मले ते घर पाहिजे," मी म्हटलं. "इथं पाळणा कुठं बांधता? मागाले?"

आत्याबाईंनी पुतळ्यांची माळ मोडली. स्लॅब परवडणारा नव्हता, म्हणून बंगल्याच्या भिंतींवर आम्ही लाकडी बल्ल्या टाकल्या आणि वर मातीचे कवेलू चढवले. बंगला टोपी चुकीची घातल्यासारखा दिसे. आम्हाला तो झकास वाटे.

माग सुरू झाले आणि शेजारचे निवृत्त इंजिनिअर आणखी दोघांना घेऊन दारात आले. आत्याबाई बाजाराला गेल्या होत्या. मी मागावरून उठून पदर सावरत पुढे झाले.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "ही वसाहत सभ्य लोकांसाठी आहे. इथे खटखट सुरू झाली तर आमची घरं कोण घेईल? आधीच भाव बसलाय."

"मंग तो आम्ही कसा बसवला, साहेब? आम्ही तं मागच्या महिन्यात आलो."

"तसं नव्हे. उद्या तुम्ही रंगाचं पाणीसुद्धा तलावात सोडाल."

"रंगाचं पाणी नाही सोडणार. त्यासाठी खड्डा खणतो. पण माग बंद नाही होत."

"मग आमच्या विहिरीवर येऊ नका," ते म्हणाले आणि वळले.

वसाहतीत विहीर तेवढी एकच होती, त्यांच्या आवारात. मी मागावर जाऊन बसले आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम जोरात धोटा मारला.

पुढचे महिने आम्ही तलावावरून पाणी आणलं, गाळून उकळून प्यायलो. पोटातल्या बाळासह घागर घेऊन मी त्यांच्या फाटकासमोरूनच जायची. मागून वाट होती, पण त्या वाटेने जायचं नाही असं मी ठरवलं होतं. एक दिवस गिरणीतून आलेल्या नवऱ्याने मला असं येताना पाहिलं. घरात जाऊन कुदळ आणली आणि परसात खणायला लागला. या घराला नाक मुरडणारा तोच माणूस मग रोज पाळी संपली की खणायचा. तलाव जवळ, त्यामुळे पाणी लवकर लागलं. चिखलाने माखलेला तो खालून ओरडला, "माय, लागलं गा... लागलं वं!" 'गा' पुरुषाला म्हणतात, 'वं' बाईला; आनंदात वारलेल्या बापाला हाक मारतोय की आईला, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. आत्याबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या.

मुलगी त्याच घरात झाली. आमचं बघून उमरेडकडची दोन विणकर कुटुंबं आली, त्यांनी बाजूच्या उघड्या भिंतींवर कवेलू टाकले. मग एक किराणावाला आला. शेळ्यांना बसायला जागा उरली नाही.

इंजिनिअरसाहेब शेवटी मुलाकडे पुण्याला निघाले. घर त्यांनी त्या किराणावाल्यालाच विकलं, आणि त्याने भावही बरा दिला असं ऐकलं. टांग्यात बसण्याआधी ते फाटकाशी थांबले आणि मला म्हणाले, "वसाहतीची पार रया घालवलीत तुम्ही."

"रया नव्हतीच, साहेब," मी मुलीला कडेवर घेत म्हटलं. "भिंती होत्या. आम्ही राहायला आलो."

ते टांग्यात चढले. टांगा तलावाच्या बांधावरून गेला. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मागावरचा ताणा अर्धा विणायचा राहिला होता, मी आत गेले.