सहाच्या आत नाही

हेमराजभाऊंच्या गळ्यातला रिटायरमेंटचा हार अजून सुकलाही नव्हता, तेव्हाच नलूबाईंनी रिसालीतल्या घराच्या अंगणात, पाहुण्यांसमोर जाहीर करून टाकलं होतं, "आजपासून मी सहाच्या आत उठणार नाही. कोणाचा बाप आला तरी."

बोलण्यात जोर होता, कारण मागे तेहतीस वर्षं होती. नवऱ्याची फस्ट शिफ्ट असली की चार वाजता उठून डबा. नसली की पोरीच्या शाळेसाठी पाच वाजता. भाऊंनी रोलिंग मिलमध्ये लोखंड लाटलं, नलूबाईंनी घरी पोळ्या लाटल्या. सत्कार मात्र एकाचाच झाला.

दोन वर्षं नेम चालला. मग नोकरीसाठी रायपूरला निघालेली लेक दामिनी जाताना कुत्र्याचं अडीच महिन्यांचं एक पिल्लू आणि तारेचा पिंजरा ठेवून गेली. पिल्लाचं नाव भुऱ्या.

"रात को पिंजऱ्यातच झोपवायचं. पहाटे रडला तर चुपचाप अंगणात न्यायचं, सू झाली की सीधा वापस अंदर. लाइट नाही, बोलणं नाही, खाना तो बिलकुल नाही. समझी ना, आई?"

"मले समजते. तुह्या बापाले समजाव. पहाट त्यायच्याकडे हाय."

पाच दिवस सोन्यासारखे गेले. सहाव्या दिवशी सव्वाचार वाजता भुऱ्याने असा गळा काढला की अख्खी गल्ली जागी झाली. सातव्या दिवशीही तसंच, आठव्या दिवशीही.

"भूक लागली असन त्याले," पांघरुणातून भाऊ म्हणाले. "तू उठून दूध दे न."

नलूबाईंनी चादर डोक्यावर ओढली.

शेजारच्या अंजनाबाईंना तर आयताच विषय मिळाला. "कावून व नलू, मुक्या जिवाले कोंडून ठेवते? पाप लागते." मग दात दाखवत, "का पुन्हा फस्ट शिफ्ट लागली तुले?"

"पाप लागलं तर लागो. तेही सहानंतरच लागन."

त्या रात्री दामिनीचा फोन आला. "इतना क्यों रोता है? कोणी खायला तर देत नाही ना?"

ते वाक्य नलूबाईंच्या डोक्यात अडकलं. दुसऱ्या पहाटे डोळा उघडला तर शेजारची खाट रिकामी. त्या अनवाणी उठल्या. हे उठणं उठण्यात धरायचं नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

स्वयंपाकघरात भाऊ आंघोळ करून, भांग पाडून, पिंजऱ्याजवळ पाटावर बसलेले. हातात चहा. पिल्लू गाढ झोपलेलं. भाऊंनी तारेतून बोट घालून त्याच्या पोटाला गुदगुली केली. "ऊठ बापा, टाइम झाला." भुऱ्या उठला. अर्धा टोस्ट चहात बुडवून त्याला, अर्धा स्वतःला. वर मिलमधल्या गोष्टी. टोस्ट संपला तसे भाऊ दबक्या पावलांनी खाटेकडे निघाले, आणि दुसऱ्या टोस्टसाठी भुऱ्याने गळा काढला.

नलूबाईंनी दिवा लावला.

"पिल्लाले तुमीच उठवून राहिले!"

"नींद येत नाही व," भाऊ टोस्टचा डबा पाठीमागे लपवत म्हणाले. "चार वाजले का डोळा उघडतेच. एकटा काय करू?"

क्षणभर नलूबाई विरघळल्या. क्षणभरच. "मी एकटीच उठत होती न इतके वर्सं? कोणाच्या पोटात बोट घातलं काय मी?"

त्याच पहाटे पिंजरा त्यांच्या खाटेशी आला, टोस्टचा डबा कपाटात गेला आणि किल्ली कमरेला. भुऱ्या रडायचा, भाऊ त्याला मुक्यानं अंगणात फिरवून आणत, पुन्हा आत ठेवत. मग वीस मिनिटं रडारड.

"एकच टोस्ट देऊ काय?" भाऊ कुजबुजत.

"दोघायलेही नाही."

चौथ्या दिवशी रडणं आठ मिनिटांवर आलं. आठवड्याने आवाजच नाही.

मग एका सकाळी पावणेसहाला अंजनाबाई देवासाठी जास्वंद तोडायला कंपाउंडपाशी आल्या. पायरीवर भाऊ कप घेऊन एकटेच बसलेले.

"आज पिल्लाचा आवाज नाही, भाऊजी? देऊन टाकलं काय कोणाले?"

भाऊंनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं, पण उशीर झाला होता. खिडकीतून आवाज आला, "अंजनाबाई, अजून पंधरा मिनटं बाकी हायेत!"

अंजनाबाई फुलं न तोडताच परतल्या. खाटेशी भुऱ्याने हूं की चूं केलं नाही.