मेलवाल्या भाऊंचा नकार

देवपूरच्या आमच्या कॉलेजात मेलचा सर्व्हर सांभाळणारे भाऊ कुणालाच नाही म्हणत नाहीत. ‘बघू ना’ म्हणतात आणि चष्मा पुसायला घेतात. तोच नकार.

निवृत्त झाल्यावर मी कॉलेजची मेल घरच्या पत्त्यावर वळवून मागायला गेले. जिला जास्त मेल येतात ती बाई मोठी, अशी तेव्हा माझी समजूत होती. लॉटरीच्या मेलसुद्धा मी जपून ठेवायचे.

“बघू ना, अक्का,” चष्मा पुसत भाऊ म्हणाले. “लॉटरीवाल्याची मेल आपल्या सर्व्हरवरून पुढे गेली, की बाहेरच्यांना वाटतं कॉलेजच पाठवतंय. मग ते आपली बठ्ठी, सगळीच मेल अडवतात. सकाळपासून मुलांच्या प्रवेशाच्या मेल परत येऊ राहिल्या. तुमच्या फोनवर कॉलेजचीच मेल उघडून देतो ना.”

“आणि प्राचार्यांची वळवलेली चालते?” मी विचारलं ते मुलांच्या काळजीने नव्हे, हेव्याने.

भाऊंनी माझ्यादेखत प्राचार्यांचं फॉरवर्डिंग बंद केलं आणि चहा मागवला. चहा संपायच्या आत फोन वाजला. प्राचार्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“बघू ना, सर,” भाऊ म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.